जुन्या स्पोर्ट्‌स कारची दोन दुखणी : घटलेले ॲव्हरेज आणि मागच्या चाकांची सुटणारी पकड

पाठाची उद्दिष्टे

हा पाठ अभ्यासल्यावर तुम्हाला पुढील गोष्टी करता यायला हव्यात :

१. गाडीचे खरे ॲव्हरेज मोजणे आणि त्यातील मोजमापाच्या चुका ओळखणे.
२. बंगळुरूची उंची व ई२० पेट्रोल यांचा कार्ब्युरेटरच्या मिश्रणावर होणारा परिणाम आकड्यांत सांगणे.
३. मागची पकड सुटण्याची कारणे टायर, ब्रेक आणि सस्पेन्शन या क्रमाने तपासणे.
४. एका तक्रारीवरचा उपाय दुसरी तक्रार वाढवत नाही ना, हे पडताळणे.

१. प्रस्तावना

समजा, एका गृहस्थांनी १९७० च्या दशकातील ट्रायम्फ स्पिटफायर मुंबईहून बंगळुरूला आणली. गाडी दोन आसनी आहे, तिला दोन एसयू कार्ब्युरेटर आहेत आणि इंजिनाची शक्ती मागच्या चाकांना जाते. काही वर्षांपूर्वीच्या त्यांच्या वहीत महामार्गावर लिटरला १२ किलोमीटर अशी नोंद आहे. आता ९ मिळतात. शिवाय पाऊस पडला की वळणावर गाडीचा मागचा भाग घसरल्यासारखा वाटतो.

अशा वेळी बहुतेक मालक दोन उपाय करतात. गॅरेजमध्ये कार्ब्युरेटरचे मिश्रण 'लीन' करून घेतात, म्हणजे पेट्रोल कमी करतात. आणि गाडी हलकी पळावी म्हणून टायरमध्ये जास्त हवा भरतात. पहिल्या उपायाने इंजिनाचे व्हॉल्व्ह जळू शकतात. दुसऱ्याने रस्त्याला टेकणारा टायरचा भाग लहान होतो आणि मागची पकड आणखी कमी होते. पैसे वाचवायला गेलेला माणूस ओल्या रस्त्यावर गाडी गमावून बसतो.

म्हणून या पाठाचा मुख्य नियम असा : दोन्ही तक्रारी एकत्र तपासायच्या, आधी मोजायचे आणि मगच सुटे भाग बदलायचे. घासणारा ब्रेक, वाकडे बसलेले चाक, चुकीची हवा ही कारणे अनेकदा दोन्ही तक्रारींच्या मुळाशी असतात.

२. आधी ॲव्हरेज खरे आहे का ते पाहा

शहरातल्या वाहतुकीत मोजलेल्या ॲव्हरेजवरून गाडीची तब्येत कळत नाही. सिल्क बोर्डच्या चौकात इंजिन चालू ठेवून उभे राहिलात तर पेट्रोल जळते आणि किलोमीटर शून्य. चाचणीसाठी मोकळा रस्ता हवा. बंगळुरूहून तुमकुरूपर्यंत पहाटे जाऊन यावे. जाण्यायेण्याचे अंतर साधारण १४० किलोमीटर होते. त्याच रस्त्याने परत आल्यामुळे चढ-उतार आणि वारा यांचा परिणाम बराचसा खोडला जातो.

पद्धत :

१. निघताना पंपावर टाकी पहिल्या ऑटो-कटपर्यंत भरा. परतल्यावर त्याच पंपावर, शक्यतो त्याच नोझलने, गाडी त्याच जागी उभी करून पुन्हा तसेच भरा.
२. वेग ७० ते ८० च्या दरम्यान स्थिर ठेवा.
३. अंतर ओडोमीटरवर आणि फोनच्या जीपीएसवर असे दोन्हीकडे नोंदवा.

तिसरी पायरी बरेच जण गाळतात. जुन्या गाडीला मूळ मापाचा टायर मिळाला नाही की दुकानदार जवळचा बसवतो. १५५/८० आर१३ टायरचा व्यास सुमारे ५७८ मिमी असतो, तर १८५/७० आर१३ चा सुमारे ५८९ मिमी. मोठे चाक एका फेरीत जास्त अंतर कापते, पण ओडोमीटर फेऱ्याच मोजतो. त्यामुळे तो सुमारे २ टक्के कमी अंतर दाखवतो. आपल्या उदाहरणात ओडोमीटरने १४० किमी दाखवले, पेट्रोल १५.५ लिटर लागले आणि उत्तर ९.० आले. जीपीएसचे अंतर १४२.७ किमी होते, म्हणजे खरे ॲव्हरेज ९.२. फरक लहान आहे, पण तो गाडीचा दोष नाही हे कळले.

३. बंगळुरूची हवा आणि आजचे पेट्रोल

बंगळुरू समुद्रसपाटीपासून सुमारे ९२० मीटर उंचीवर आहे. तिथला हवेचा दाब समुद्रसपाटीच्या दाबापेक्षा सुमारे १० टक्के कमी असतो. तापमानातला फरक धरला तरी हवेची घनता मुंबईपेक्षा साधारण ९ टक्के कमी भरते.

कार्ब्युरेटर हवा वजनाने मोजत नाही. त्यातून जाणाऱ्या हवेमुळे दाब कमी होतो आणि त्या प्रमाणात पेट्रोल ओढले जाते. हवा विरळ झाली की हवेचे वस्तुमान घनतेच्या प्रमाणात घटते, पेट्रोल मात्र घनतेच्या वर्गमुळाच्या प्रमाणातच घटते. घनता ०.९१ पट झाली तर तिचे वर्गमूळ सुमारे ०.९५. म्हणजे हवा ९ टक्के कमी आणि पेट्रोल फक्त ५ टक्के कमी. परिणामी मिश्रण सुमारे ५ टक्के 'रिच' होते. नंदी हिल्सच्या १,४७८ मीटर उंचीवर हा परिणाम आणखी वाढतो.

इथवर वाचून 'मग मिश्रण लीन करायलाच हवे' असे वाटेल. पण आजचे पेट्रोल पूर्वीचे नाही. २० टक्के इथेनॉल असलेल्या ई२० पेट्रोलची विक्री पंतप्रधानांच्या हस्ते ६ फेब्रुवारी २०२३ रोजी बंगळुरूतच, इंडिया एनर्जी वीकमध्ये सुरू झाली. २०२५ पर्यंत ते देशभर सर्वसाधारण पेट्रोल झाले. त्याचे तीन परिणाम लक्षात घ्या.

पहिला, ऊर्जा. एक लिटर पेट्रोलमध्ये सुमारे ३२ मेगाज्यूल ऊर्जा असते आणि एक लिटर इथेनॉलमध्ये सुमारे २१. त्यामुळे ई२० च्या एका लिटरमध्ये साधारण ७ टक्के कमी ऊर्जा मिळते. तेवढे ॲव्हरेज कमी होणारच. ते कोणताही मेकॅनिक परत आणू शकत नाही.

दुसरा, मिश्रण. १ किलो पेट्रोल पूर्ण जळायला सुमारे १४.७ किलो हवा लागते, १ किलो ई२० ला सुमारे १३.५ किलो. इंजेक्शनच्या गाडीत ऑक्सिजन सेन्सर असेल तर संगणक इंधन आपोआप वाढवतो. कार्ब्युरेटरला हे कळत नाही. शुद्ध पेट्रोलवर बरोबर बसवलेला कार्ब्युरेटर ई२० वर सुमारे ८ टक्के लीन चालतो.

आता दोन्ही एकत्र मांडा. उंचीमुळे ५ टक्के रिच, इथेनॉलमुळे ८ टक्के लीन. म्हणजे मुंबईत शुद्ध पेट्रोलवर नीट बसवलेली गाडी बंगळुरूत ई२० वर आधीच साधारण ३ टक्के लीन आहे. ॲव्हरेज वाढवण्यासाठी तिचे मिश्रण आणखी लीन केले तर ज्वलन मंद होते, एक्झॉस्ट व्हॉल्व्ह तापतात आणि चढावर इंजिन 'नॉक' करू लागते.

तिसरा, रबर. इथेनॉल जुन्या रबरी पायपांना व सीलना फुगवते किंवा कडक करते. कार्ब्युरेटरजवळ पेट्रोलचा वास येत असेल तर पुढची कोणतीही तपासणी करण्याआधी पाइप बदला. इथे प्रश्न ॲव्हरेजचा राहत नाही, आग लागण्याचा होतो.

आपल्या उदाहरणात १२ चे ७ टक्के वजा केले की ११.२ उरतात. गाडीकडून अपेक्षा ११.२ ची आणि मिळाले ९.२. शोधायची आहे ती या २ किलोमीटरची गळती.

४. इंजिनाकडची तपासणी

स्वस्त आणि सोप्या गोष्टी आधी पाहा.

(क) थर्मोस्टॅट. गाडी गरम होते म्हणून थर्मोस्टॅट काढून टाकण्याची सवय आपल्याकडे जुनी आहे. तो साधारण ८० अंशांच्या आसपास उघडतो. तो नसेल तर बंगळुरूच्या थंड पहाटे इंजिन पूर्ण तापतच नाही, पेट्रोलचे थेंब नीट वाफ होत नाहीत आणि पेट्रोल वाया जाते. महामार्गावर तापमानाचा काटा मधोमध न येता खालीच राहत असेल तर थर्मोस्टॅट आहे का ते उघडून पाहा.

(ख) चोक. एसयू कार्ब्युरेटरमध्ये चोक ओढला की जेट खाली सरकते आणि पेट्रोल वाढते. केबल अडकली किंवा जेट गंजले तर ते पूर्ण वर येत नाही. बाहेरून चोक बंद दिसतो, आत गाडी अर्ध्या चोकवर चालत असते. एअर क्लीनर काढून जेट बोटाने वर ढकलून पाहा. ते आणखी वर सरकले तर तुमचे पेट्रोल तिथे जात होते.

(ग) एसयूचा पिस्टन. तो हाताने उचलून सोडा. 'टक' असा आवाज करत खाली बसायला हवा. अडखळत असेल तर साफ करा आणि वरच्या नळीतील तेलाची पातळी पाहा.

(घ) व्हॅक्यूम ॲडव्हान्स. डिस्ट्रिब्युटरवरच्या पातळ नळीचे कार्ब्युरेटरकडचे टोक काढून तोंडाने ओढा. आतली प्लेट हलायला हवी आणि ओढ टिकायला हवी. नुसती हवा येत असेल तर पडदा फाटला आहे. मग सावकाश चालवताना ठिणगी उशिरा पडते आणि पेट्रोल वाया जाते.

(च) प्लग आणि पीयूसी. वेगाने चालवून इंजिन तिथेच बंद करा आणि प्लग काढा. कोरडी काळी काजळी म्हणजे रिच, पांढुरका रंग म्हणजे लीन, फिकट तपकिरी म्हणजे ठीक. पीयूसी केंद्रावरच्या पावतीवर कार्बन मोनॉक्साइडची टक्केवारी छापलेली असते. भारत स्टेज-२ पूर्वीच्या चारचाकी पेट्रोल गाड्यांसाठी मर्यादा ३ टक्के आहे. पावती नुसती 'पास' म्हणून खिशात घालू नका, आकडा वाचा. ही नोंद इंजिन आयडलिंगला असतानाची असते, म्हणून ती प्लगच्या रंगासोबत पाहावी.

मिश्रणाला हात लावायचा तो वरील पाचही गोष्टी नीट झाल्यावर आणि मोजूनच.

५. दोन्ही तक्रारींचे समान मूळ

(क) घासणारा ब्रेक. स्पिटफायरला मागे ड्रम ब्रेक असतात. हँडब्रेकची केबल जाम झाली किंवा व्हील सिलिंडर अडकला की लायनर ड्रमला सतत घासत राहते. दहा किलोमीटर ब्रेक कमीत कमी वापरून चालवा, थांबल्यावर चारही चाकांचे तापमान इन्फ्रारेड थर्मामीटरने पाहा. डाव्या-उजव्या चाकात ठळक फरक असेल तर गरम चाक जॅकवर उचलून, गाडी न्यूट्रलमध्ये ठेवून हाताने फिरवा. असे चाक पेट्रोल तर खातेच, शिवाय ब्रेक दाबताच ते जोडीदाराआधी लॉक होते. ओल्या रस्त्यावर मागचे एक चाक लॉक झाले की गाडीचे शेपूट बाजूला जाते.

(ख) चाकाची दिशा, म्हणजे टो. मागची दोन चाके एकमेकांना जवळजवळ समांतर हवीत. गाडीच्या दोन्ही बाजूंना समांतर सुतळी ताणून प्रत्येक चाकाच्या पुढच्या आणि मागच्या कडेपर्यंतचे अंतर मोजा. चाकात १ अंशाचा टो असेल तर प्रत्येक किलोमीटरमागे टायर सुमारे १७ मीटर आडवा घासला जातो. आपल्या उदाहरणात दोन्ही चाकांच्या पुढच्या कडांमधले अंतर मागच्या कडांमधल्या अंतरापेक्षा १० मिमी जास्त भरले. ५८९ मिमी व्यासावर हा एकूण सुमारे १ अंशाचा टो-आउट झाला. प्रत्येक चाक किलोमीटरमागे साडेआठ मीटर आडवे घासत होते. मागचा टो-आउट गाडीला सरळ रस्त्यावरही भरकटवतो. स्पिटफायरमध्ये रेडियस आर्मच्या ब्रॅकेटमागचे शिम बदलून टो जुळवतात, पण आधी आर्मचे रबरी बुश तपासा. बुश झिजले असतील तर ॲक्सिलरेटर दाबता-सोडताना टो स्वतःहून बदलतो आणि शिमचा काही उपयोग होत नाही.

(ग) हवा. स्पिटफायरसारख्या गाडीत मागच्या टायरमध्ये पुढच्यापेक्षा जास्त हवा ठेवायची असते. हा फरक वळणावर मागचा भाग स्थिर ठेवण्यासाठीच आहे. पंपावर मात्र चारही चाकांत सरसकट ३२ भरतात. त्यामुळे हा फरकच नाहीसा होतो आणि हलक्या गाडीला हवा जास्तही होते. मालकाच्या पुस्तिकेतला आकडा पाहा, टायर थंड असताना स्वतःच्या गेजने मोजा.

६. मागची पकड : टायर आणि सस्पेन्शन

टायरचे वय. टायरच्या बाजूवर चार अंकी खूण असते. २३१४ म्हणजे २०१४ चा तेविसावा आठवडा. भारतात मोटारीच्या टायरची खाच किमान १.६ मिमी खोल हवी. पण हौशी गाड्या वर्षाला हजार-दोन हजार किलोमीटरच चालतात. त्यांची खाच नव्यासारखी दिसते आणि रबर मात्र दगडासारखे झालेले असते. टायरवर नख दाबून पाहा, मग त्याच प्रकारच्या नव्या टायरवर दाबा. फरक बोटाला कळतो. एप्रिल-मेमधल्या पहिल्या सरीत रस्त्यावरचे तेल आणि धूळ वर येते. अशा टायरची खरी परीक्षा तेव्हाच होते.

चांगले टायर मागे. दोनच नवे टायर घेणार असाल तर ते मागे बसवा. पुढची चाके घसरली तर गाडी सरळ जाऊ पाहते आणि चालकाला वेग कमी करायला थोडा वेळ मिळतो. मागची घसरली तर गाडी गोल फिरते आणि तेवढा वेळ मिळत नाही. पुढच्या चाकांना शक्ती देणाऱ्या गाडीलाही हाच नियम लागू आहे. बंगळुरूच्या सॅन मोटर्सची दोन आसनी 'स्टॉर्म' तशीच आहे : फायबरग्लासची बॉडी, १,१४९ सीसीचे रेनॉ इंजिन आणि शक्ती पुढच्या चाकांना. अशा हलक्या गाडीत मागच्या चाकांवर भार कमीच असतो, म्हणून तिथे जुने टायर ठेवणे अधिक धोक्याचे.

स्विंग ॲक्सल. आता स्पिटफायरच्या स्वतःच्या स्वभावाकडे येऊ. तिच्या मागच्या प्रत्येक चाकाचा दांडा फक्त डिफ्रन्शियलजवळच्या युनिव्हर्सल जॉइंटवर वाकतो. या जॉइंटला गॅरेजमध्ये 'क्रॉस' म्हणतात. चाक दांड्याला काटकोनात घट्ट असते. त्यामुळे गाडीचा मागचा भाग उचलला गेला की दोन्ही चाकांचा तळ आत वळतो, आणि टायर सपाट न टेकता कडेवर टेकतो.

हे नेमके केव्हा घडते? चालक वेगाने वळणात शिरतो, घाबरतो आणि ॲक्सिलरेटरवरून पाय झटकन काढतो. भार पुढे जातो, मागचा भाग उचलला जातो, चाके कडेवर येतात आणि पकड एकदम सुटते. अमेरिकेत शेव्हरोले कॉर्व्हेरच्या अशाच मागच्या रचनेवर राल्फ नेडर यांनी १९६५ च्या पुस्तकात टीका केली आणि मोटार सुरक्षेवर मोठी चर्चा झाली. स्पिटफायरमध्येही १९७० च्या मार्क ४ मॉडेलपासून मागच्या पाट्याची रचना बदलून हा दोष बराच कमी केला गेला. आपल्याकडे याच घराण्यातली स्टँडर्ड हेराल्ड मद्रासमध्ये तयार होत असे. तिलाही मागे स्विंग ॲक्सल होता. १९७२ मध्ये तिची जागा घेणाऱ्या गॅझेलला मात्र साधा अखंड ॲक्सल दिला गेला.

तपासणी : चाकाच्या मधोमध ओळंबा सोडा आणि दोरीपासून रिमच्या वरच्या व खालच्या कडेचे अंतर मोजा. १३ इंची रिमवर ६ मिमी फरक म्हणजे साधारण १ अंशाचा कॅम्बर. चाकाचा वरचा भाग बाहेर झुकलेला असेल तर पकड कमी आहे असे समजा. नवा पाटा बसवल्यावर गाडी मागून खूप उंच झाली तर नेमके हेच होते. 'नवा पाटा म्हणजे चांगली पकड' असे गृहीत धरू नका.

सूचना : जॅकवरून उतरवल्यावर या गाडीची चाके आत दुमडलेलीच राहतात. मोजण्याआधी गाडी काही मीटर पुढेमागे ढकलून घ्या, नाहीतर मोजमाप चुकेल.

शेवटी चाकांच्या आतल्या बाजूला पाहा. ॲक्सलचे सील गळत असेल तर तेल ब्रेक लायनरवर आणि टायरच्या आतल्या बाजूवर पसरते. शॉक ॲब्सॉर्बर गळत असेल तर खड्ड्यानंतर चाक उड्या मारते, आणि हवेत असलेल्या चाकाला पकड नसते.

७. उदाहरणाचा शेवट

आपल्या कल्पित स्पिटफायरमध्ये काय सापडले ते क्रमाने मांडू. थर्मोस्टॅट काढलेला होता. डावा मागचा ब्रेक घासत होता. मागे १० मिमी टो-आउट होता, कारण रेडियस आर्मचे बुश झिजले होते. चारही टायरमध्ये ३४ पीएसआय हवा होती आणि मागचे टायर अकरा वर्षांचे होते. कार्ब्युरेटर व्यवस्थित होता. पहिल्याच दिवशी त्याचे मिश्रण लीन केले असते, तर यातला एकही दोष गेला नसता आणि एक नवा तयार झाला असता.

दुरुस्तीचा क्रम असा : आधी पेट्रोलचे पाइप व ब्रेक, मग टायर व हवा, मग बुश व टो, मग थर्मोस्टॅट, आणि सगळ्यात शेवटी, गरज वाटली तरच, मिश्रण. प्रत्येक दुरुस्तीनंतर तुमकुरूची तीच फेरी करून आकडा वहीत लिहा. दोन दुरुस्त्या एकदम केल्या तर कोणत्या दुरुस्तीने काय साधले ते कळत नाही. सुरक्षिततेच्या दुरुस्त्या मात्र याला अपवाद आहेत. त्या एकदमच करून घ्या. पकडीची चाचणी सार्वजनिक रस्त्यावर किंवा नंदीच्या वळणांवर करू नका. त्यासाठी मोकळे, बंदिस्त मैदान हवे.

सारांश

ई२० मुळे साधारण ७ टक्के ॲव्हरेज कमी होणे अपेक्षित आहे. बंगळुरूची उंची मिश्रण रिच करते आणि इथेनॉल लीन, म्हणून अंदाजाने मिश्रण बदलू नये. त्यापलीकडची घट अनेकदा ब्रेक, टो, हवा आणि थर्मोस्टॅट यांत सापडते. यांपैकी पहिली तीन कारणे मागची पकडही बिघडवतात. ॲव्हरेज घटले तर पैसे जातात, पकड सुटली तर जीव जाऊ शकतो. म्हणून दोन्हींत निवड करायची वेळ आली तर पकडीची तपासणी आधी.

स्वाध्याय

१. पुण्याची उंची सुमारे ५६० मीटर आहे. तिथे हवेची घनता समुद्रसपाटीपेक्षा साधारण ५ टक्के कमी धरली तर कार्ब्युरेटरचे मिश्रण किती टक्के रिच होईल? ई२० धरून निव्वळ परिणाम काढा.
२. ओडोमीटरने २०० किमी दाखवले, जीपीएसने १९४. टायर मूळ मापापेक्षा लहान आहेत की मोठे? पेट्रोल १८ लिटर लागले असेल तर खरे ॲव्हरेज किती?
३. स्विंग ॲक्सलच्या गाडीत वळणावर पाय झटकन काढल्यास पकड का सुटते, हे आकृती काढून स्पष्ट करा.
४. तुमच्या ओळखीतील कोणत्याही गाडीच्या चारही टायरवरील चार अंकी खुणा वाचा, टायरची वये लिहा आणि सर्वांत जुने टायर पुढे आहेत की मागे ते नोंदवा.